बदललेल्या हृदयाला ॲट्रोपिन लागू का पडत नाही?

छत्रपती संभाजीनगरहून दात्याचं हृदय विमानाने मुंबईला निघालं की बातमीत ग्रीन कॉरिडॉर असतो, सर्जन असतात. असायलाच हवेत, काढलेलं हृदय शक्यतो 4 तासांच्या आत दुसऱ्या छातीत सुरू व्हावं लागतं. पण ते लहान मुलाला बसवायचं असेल तर भूलतज्ज्ञाचं कामही तितकंच जोखमीचं असतं, आणि त्याबद्दल कुणी लिहीत नाही.

भूल म्हणजे एक इंजेक्शन, असं आपण समजतो. या मुलाचं हृदय इतकं थकलेलं असतं की शिरेत दिलेलं औषध मेंदूपर्यंत उशिरा पोचतं. घाई करून दुसरा डोस दिला, तर रक्तदाब कोसळतो.

खरी गंमत नवं हृदय बसल्यावर आहे. सर्जन रक्तवाहिन्या शिवतात, कापलेले मज्जातंतू मात्र जोडता येत नाहीत. तरी हृदय चालतं, कारण ठोक्याचा विद्युतसंकेत हृदयातल्याच सायनस नोड या पेशींच्या पुंजक्यात तयार होतो. मेंदू फक्त वेग कमी-जास्त करतो. वेग आवरणारा मज्जातंतू म्हणजे व्हेगस. तो ॲसिटिलकोलिन हे रसायन सोडतो, ते हृदयातल्या ग्राहकांवर (रिसेप्टर, म्हणजे संदेश टिपणाऱ्या रेणूंवर) बसतं आणि ठोके मंदावतात. ॲट्रोपिन हे औषध हेच ग्राहक अडवतं, म्हणून ठोके वाढतात. लहान हृदयाला एका ठोक्यात फार जास्त रक्त ढकलता येत नाही, त्यामुळे मुलाचा रक्तपुरवठा ठोक्यांच्या संख्येवर चालतो. ते घटले की भूलतज्ज्ञ ॲट्रोपिन देतात. बसवलेल्या हृदयात व्हेगसचा संदेशच येत नाही, मग अडवायचं काय? तिथे ठोके वाढवणाऱ्या बीटा ग्राहकांवर थेट काम करणारं आयसोप्रेनालिन किंवा ॲड्रेनालिन लागतं, नाहीतर पेसमेकरच्या तात्पुरत्या तारा.

दात्याचा स्वभाव हृदयाबरोबर येतो, असले व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरतात. निव्वळ भाकडकथा! आठवणी मेंदूत असतात. हे ऐकून एखाद्या घराने अवयवदान नाकारलं, तर किंमत कुणाचं तरी लेकरू मोजतं.

असं लेकरू पुढे जालन्याला, बीडला घरी येतं. उद्या अपेंडिक्सचं ऑपरेशन निघालं तर भूल तिथलेच डॉक्टर देतील. आईवडिलांनी त्यांना आधी हेच सांगावं: हृदय बदललेलं आहे. या मुलाचे ठोके एरवीही जलद असतात. भूल कमी पडली तरी ते लगेच वाढत नाहीत. रक्तातलं ॲड्रेनालिन हृदयापर्यंत पोचल्यावर, काही मिनिटांनी वाढतात. काही वर्षांत थोडे मज्जातंतू पुन्हा उगवतात, पण त्या भरवशावर भूल देता येत नाही.