ड्रायर का पेटतो: रिकॉलमागचा इतिहास आणि गोव्यातला पावसाळा

जून ते सप्टेंबर गोव्यात उन्हाचा भरवसा नसतो. पूर्वी ओले कपडे चुलीवरच्या दोरीला टांगत, आता काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत ड्रायर फिरतो. धग आणि कापड जवळ आणण्याचा धोका मात्र तोच आहे. १८०० च्या सुमारास फ्रान्समध्ये पोशाँने भोकं पाडलेला पिंप आगीवर हाताने फिरवला, त्यातही कपडे करपायचे. १९३८ मध्ये अमेरिकेतल्या हॅमिल्टन कंपनीने स्वयंचलित ड्रायर बाजारात आणला आणि हे काम यंत्राकडे गेलं.

ड्रायरच्या रिकॉलचा, म्हणजे सदोष यंत्रं कंपनीने परत मागवण्याचा, धागा ब्रिटनमध्ये सापडतो. नोव्हेंबर २०१५ मध्ये व्हर्लपूलने जाहीर केलं की हॉटपॉइंट, इंडेसिट, क्रेडा अशा नावांनी २००४ पासून विकलेल्या लाखो ड्रायरमध्ये कपड्यांतून सुटलेले तंतू, म्हणजे लिंट, हीटरवर पडून पेटू शकतात. दुरुस्ती होईपर्यंत यंत्र वापरा, फक्त लक्ष ठेवा, असा सल्ला दिला गेला. १९ ऑगस्ट २०१६ रोजी लंडनच्या शेफर्ड्स बुश भागातली एक उंच इमारत अशाच एका ड्रायरमुळे पेटली. प्लग काढून ठेवा, असं ग्राहकांना स्पष्ट सांगायला फेब्रुवारी २०१७ उजाडला, आणि दुरुस्त न झालेल्या यंत्रांचं रिकॉल तर जुलै २०१९ मध्ये सुरू झालं. पहिल्या कबुलीनंतर जवळजवळ चार वर्षं! लोकांच्या घरात आग लागू शकते हे ठाऊक असताना इतका उशीर अक्षम्य आहे.

हा दोष एका कंपनीपुरता नाही. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० ची पाहणी केली, तेव्हा घरांतल्या ड्रायरच्या आगी वर्षाला सुमारे २,९०० निघाल्या आणि साफसफाई न करणं हे सर्वांत मोठं कारण ठरलं. लिंट अडवणारी जाळी तुंबली की हवा कमी वाहते आणि हीटरची उष्णता आतच राहते. तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट हीटर बंद-चालू करत राहतो, तो निकामी झाला तर अति उष्णतेने थर्मल फ्यूज उडतो. हा फ्यूज एकदाच उडतो, पुन्हा जोडायचा नसतो. काही मेकॅनिक तिथे वायरचा तुकडा टाकून यंत्र ‘चालू करून’ देतात. असा जुगाड केलेला ड्रायर एक दिवसही वापरू नका. जास्त प्रवाह किंवा गळती झाली की वीज तोडणारे एमसीबी आणि आरसीसीबी हे स्विच आहेत म्हणून निश्चिंतही राहू नका: लिंट पेटताना वीज नेहमीइतकीच वाहत असते, त्यामुळे सुरुवातीला दोन्ही पडत नाहीत.

गोव्यात यात आणखी भर पडते. बंद बाल्कनीत ड्रायर आपलीच दमट हवा पुन्हा ओढतो. कपडे सुकायला वेळ लागतो, हीटर जास्त तापतो. खिडकी उघडी ठेवा, जाळी दर वेळी पुसा, बाहेर जाणारी नळी आखूड आणि धातूची घ्या. २,५०० वॅटचा ड्रायर सुमारे ११ अँपिअर ओढतो. त्याला १६ अँपिअरचं स्वतंत्र सॉकेट आणि २.५ चौ. मिमी वायर लागते, एक्स्टेन्शन बोर्ड नव्हे. किनाऱ्याजवळ खाऱ्या हवेने सॉकेटच्या पट्ट्या हिरवट होऊन सैल पडतात. प्लग हाताला गरम लागला किंवा प्लॅस्टिक पिवळं पडलं, तर सॉकेट बदला.

मसाज पार्लर, होमस्टे चालवणाऱ्यांनी तेलाच्या टॉवेलांकडे खास लक्ष द्यावं. तीळ, सूर्यफूल ही तेलं हवेशी संयोग पावून स्वतःच उष्णता सोडतात. खोबरेल कमी, पण तेही ज्वलनशीलच. असे टॉवेल गरम पाण्यात डिटर्जंटने धुऊनही वास राहिला तर ड्रायरमध्ये घालू नयेत. ड्रायरच्या शेवटची थंड हवेची दहाएक मिनिटं मध्येच तोडू नये, आणि काढलेले गरम टॉवेल ढीग करून ठेवू नयेत, कारण आग ढिगाच्या पोटात सुरू होते.

आग दिसलीच तर ड्रायरचं दार उघडू नका, हवा मिळून भडका उडतो. मेन स्विच बंद करा, घराबाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा.

भारतात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण धोकादायक माल परत मागवायला लावू शकतं. पण ब्रिटनमधल्या स्विंडन शहरातून सामानाबरोबर आणलेल्या यंत्राची नोंद तिथल्या जुन्या पत्त्यावरच असते, रिकॉलची सूचना इथे पोचत नाही. दाराच्या आतल्या कडेवर किंवा पाठीवर चिकटवलेला मॉडेल आणि सिरियल नंबर उतरवून घ्या, कंपनीच्या ब्रिटनमधल्या वेबसाइटवर ताडून पाहा. तोवर प्लग काढलेलाच असू द्या.