सॉक्समधली कुसळं

दिवाळीनंतर माळावर चक्कर मारून आलं की घरी पहिला कार्यक्रम ठरलेला, पायरीवर बसून सॉक्समधली कुसळं उपटायची. ही बहुतेक वेळा कुसळी गवताची असतात, शास्त्रीय नाव हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस. सासवड-जेजुरी साइडला मुरमाड, रेताड, पाणी न धरणाऱ्या जमिनीत हे भरपूर.

तुरा यायच्या आधी ओळखणं अवघडच, तेव्हा सगळी गवतं सारखीच वाटतात. तरी पान बोटात धरून बघा, मधोमध दुमडलेलं असतं आणि टोक बोथट, बुडखापण चपटा लागतो. तुरा आला की मात्र डाऊट नाही. काडीच्या शेंड्याला एकच कणीस आणि त्यातनं निघालेली लांब काळपट-तपकिरी कुसळं एकमेकांत गुंतून त्यांची चक्क वेणी होते. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ साली दिलेल्या नावातच तो पीळ आहे, कॉन्टॉर्टस म्हणजे पिळलेलं. मारवेल गवताशी गोंधळ व्हायचं कारण नाही, त्याला शेंड्यावर बोटांसारखी बरीच कणसं असतात. फसवतं ते अ‍ॅरिस्टिडा नावाचं गवत, तेही टोचतं, पण त्याच्या कुसळाला तीन फाटे असतात, कुसळीचं एकच.

आता खरी गंमत. एक वाळकं कुसळ घ्या आणि पिळाच्या भागावर पाण्याचा थेंब टाका (आम्ही थुंकी लावायचो, चालतं). पीळ उलगडायला लागतो आणि वरचा वाकडा भाग घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, वाळला की परत पीळ बसतो. ह्यात जिवंत असं काही नाही हां, पेशींच्या भिंतीतले धागे तिरपे गुंडाळलेले असतात, त्यामुळे ओल लागली की फुगताना सरळ न फुगता वळतात. माळावर रात्री दमट, दुपारी कोरडं, कुसळाचं वरचं टोक शेजारच्या काडीत अडकलेलं, मग फिरतं ते खालचं बी, आणि अणकुचीदार असल्यामुळे मातीत घुसत जातं. मागे सरकू नये म्हणून त्यावर उलट्या दिशेचे केस.

मेंढीच्या लोकरीतही ते असंच घुसतं, थेट कातडीपर्यंत, आणि चरताना गुरांच्या तोंडाला टोचतं. म्हणून चारा हवा असेल तर तुरा यायच्या आधीच कापायचं, तोवर गुरं आवडीने खातात.

आणि सॉक्समधलं कुसळ शेपटाला धरून मागे ओढू नका, ते केस आणखी अडकतात. आतून टोक पकडायचं आणि पुढे खेचून काढायचं.