साडेतीनशे किलोमीटरला दीड तास कसा लागतो?

९ ऑक्टोबर २०२१ रोजी सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचं उद्घाटन झालं आणि मुंबईहून एटीआर ७२ हे पंख्यांचं विमान येऊ लागलं. उंचीवर गेल्यावर ते ताशी सुमारे पाचशे किलोमीटर वेगाने जातं. अंतर साडेतीनशे. हिशेबाने पाऊण तासाच्या आत उतरायला हवं, पण वेळापत्रकात प्रवास जवळपास दीड तासाचा लावलेला होता.

आधी अंतर तपासू. कोकणात त्यासाठी फूटपट्टीही लागत नाही. किनारा जवळजवळ उत्तर-दक्षिण असल्याने अक्षांशांची वजाबाकी पुरते. मुंबई विमानतळ १९.१ अंशांवर, चिपी १६ अंशांवर. एका अंशाला ६० नॉटिकल मैल, म्हणजे ३.१ अंशांचे १८६. (पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांनी मासे धरणारे आणि पारंपरिक मच्छीमार ज्या १२ मैलांच्या हद्दीवरून भांडतात, तोच हा मैल.) एक नॉटिकल मैल १,८५२ मीटरचा, तेव्हा झाले ३४४ किलोमीटर. चिपी थोडं पूर्वेला आहे, त्याचे पाचेक किलोमीटर वाढतात. रस्त्याने हेच अंतर पाचशेच्या घरात जातं. गणपतीत त्याला किती तास लागतात ते चाकरमान्यांनाच विचारा.

आता वेळ. वेळापत्रकातली वेळ नुसत्या उड्डाणाची नसतेच. चाकांना लावलेले ठोकळे काढून विमान जागेवरून हललं की मोजणी सुरू होते आणि पलीकडे पुन्हा ठोकळे लागले की थांबते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हीवर एकाच वेळी बिनधास्त वाहतूक करता येत नाही. रांगेत जाणारी मिनिटंही प्रवासातच धरलेली असतात.

पण मला खरी गंमत वाटते ती धावपट्ट्यांच्या दिशेची. मुंबईची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम, चिपीचीही पूर्व-पश्चिम. प्रवास मात्र उत्तर-दक्षिण! विमान चढताना आणि उतरताना वाऱ्याला तोंड देतं, कारण समोरून वारा असला की कमी धावेत काम भागतं. आणि या किनाऱ्यावर मुख्य वारा पश्चिमेचा, दुपारचा खारा वाराही तिकडूनच. म्हणून मुंबईहून विमान आधी जुहूवरून समुद्रात शिरतं आणि मग डावीकडे वळून दक्षिण धरतं. चिपीला वारा समुद्राकडून असेल, तर सह्याद्रीच्या बाजूने येऊन समुद्राकडे तोंड करून उतरायचं. ही वळणं कमी वेगात घ्यावी लागतात. चढतानाचा वेगही बेताचाच असतो.

वाटेतला आडवा वारा त्यामानाने गरीब. ताशी ५०० च्या वेगाला ७५ चा आडवा वारा लागला, तर वैमानिक नाक साडेआठ अंश वाऱ्याकडे ठेवतो आणि जमिनीवरचा वेग जेमतेम ५ ते ६ किलोमीटरने घटतो.

ठोकळे ते ठोकळे असा सरासरी वेग काढला तर तो अडीचशेच्या आसपास येतो. गोव्यातल्या मोपा विमानतळावर जाणारं जेट ताशी आठशेच्या वेगाचं असतं. अंतर तीसेक किलोमीटर जास्त, तरी त्यालाही सव्वा तास लागतोच.