‘मिडवे’ म्हणजे नेमकी कोणती?

जून १९४४ मध्ये सायपानच्या लढाईत ‘मिडवे’ होती आणि १९९१ च्या आखाती युद्धातही ‘मिडवे’ होती. दोन्ही अमेरिकी विमानवाहू नौका, पण जहाजं वेगळी.

गेलेल्या जहाजाचं नाव नव्याला देण्याची रीत शिडांच्या काळापासूनची. आपल्या ‘विक्रांत’चंही तेच झालं, पण जुनी निवृत्त झाली १९९७ साली आणि नवी आली २०२२ मध्ये. महायुद्धात एवढी सवड कुणाला होती? १९४२ साली लेक्सिंग्टन, यॉर्कटाउन, वास्प आणि हॉर्नेट बुडाल्या, तेव्हा त्यांची नावं गोदीत आधीच बांधायला घेतलेल्या जहाजांना चढवली गेली.

एस्कॉर्ट कॅरिअर, म्हणजे ताफ्यांच्या संरक्षणासाठीच्या छोट्या विमानवाहू नौका. त्यांच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो. पहिली ‘ब्लॉक आयलंड’ ब्रिटिशांना दिली गेली आणि तिथे तिची ‘हंटर’ झाली. दुसरी मे १९४४ मध्ये अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुडीने बुडवली. त्याच वर्षाअखेरीस तिसरी आली, तीही बुडालेल्या नौकेच्याच कॅप्टनच्या हाताखाली.

खरा वादाचा निर्णय मात्र ‘मिडवे’चा. सीव्हीई-६३ (सीव्हीई म्हणजे एस्कॉर्ट कॅरिअर) या नौकेचं ठरलेलं नाव ‘चॅपिन बे’. एप्रिल १९४३ मध्ये ते बदलून ‘मिडवे’ केलं. त्यासाठी एका वाहतूक जहाजाकडे असलेलं ते नाव काढून घेतलं आणि त्याला ‘पनाय’ केलं. या नव्या ‘मिडवे’ने सायपान, टिनियन, मोरोताई अशा मोहिमा केल्या. मग वरच्यांना वाटलं, पॅसिफिकमधल्या मिडवेच्या लढाईतल्या एवढ्या मोठ्या विजयाचं नाव मोठ्याच जहाजाला शोभेल. १० ऑक्टोबर १९४४ रोजी लढत्या नौकेचं नाव काढलं गेलं आणि ती नॉर्मंडीतल्या गावावरून ‘सेंट लो’ झाली. नाव बदललं की जहाजाला साडेसाती लागते, ही खलाशांची जुनी समजूत. पंधराव्या दिवशी, २५ ऑक्टोबरला, फिलिपिन्समधल्या समार बेटाजवळ जपानी युद्धनौकांच्या तोफांतून ती सुटली, पण त्यानंतर कामिकाझे म्हणजे आत्मघाती जपानी विमान तिच्या डेकवर आदळलं. आतले टॉर्पेडो आणि बॉम्ब पेटले आणि अर्ध्या-पाऊण तासात ती बुडाली. शंभराहून अधिक माणसं गेली. समजूत बाजूला ठेवू. पण ज्या जहाजासाठी हे नाव मोकळं केलं ते, म्हणजे सीव्हीबी-४१ (सीव्हीबी म्हणजे मोठी विमानवाहू नौका), सेवेत आलं १० सप्टेंबर १९४५ ला, जपानने शरणागतीवर सही केल्यानंतर आठ दिवसांनी! एवढी घाई कशासाठी होती, याचं पटणारं उत्तर मिळत नाही.

‘कोरल सी’ची कथा तर आणखी मजेशीर. सप्टेंबर १९४४ मध्ये ‘कोरल सी’ नावाच्या सीव्हीई-५७ ची ‘अँझिओ’ झाली आणि तिचं जुनं नाव सीव्हीबी-४२ साठी राखलं गेलं. मे १९४५ मध्ये त्या जहाजाला नुकत्याच वारलेल्या राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं नाव मिळालं आणि ‘कोरल सी’ सरकली पुढच्या सीव्हीबी-४३ वर. म्हणजे जिच्यासाठी नाव काढून घेतलं तिला ते लाभलंच नाही. ‘अँझिओ’ मात्र युद्धातून सुखरूप परतली.

म्हणून नोंद वाचताना नावाआधी क्रमांक बघावा. ६३ ही समारची, ४१ ही २००४ पासून सॅन डिएगोत संग्रहालय झालेली. त्यातही क्रमांकाआधीची अक्षरं पाहायला हवीत, कारण ‘पनाय’ झालेल्या त्या वाहतूक जहाजाचा क्रमांकही ४१ च होता, एजी-४१ (एजी म्हणजे साहाय्यक जहाज).