लॉनमधलं तण: घरचा कोणता उपाय कुठे चालतो

पावसाळा लागला की ग्राहकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "विषारी औषध न मारता तण जाईल असं घरचं काही सांगा." प्रश्न रास्त आहे. त्याच हिरवळीवर मुलं अनवाणी पळतात. पण व्हिनेगर, मीठ किंवा उकळतं पाणी यांना गवत कोणतं आणि तण कोणतं हे कळत नाही. जिथे पडतील तिथलं पान ते जाळतात. म्हणून उपायापेक्षा जागा महत्त्वाची.

मीठ लॉनमध्ये अजिबात नको. आमच्या एका ग्राहकांनी गाजरगवतावर मिठाचं पाणी मारतात हे ऐकून लॉनच्या कोपऱ्यात तेच केलं. गाजरगवत वाळलं, पण भोवतालची हिरवळही गेली आणि तिथे पुढे कित्येक महिने नवं गवत धरलं नाही. मिठातलं सोडियम आपल्याकडच्या काळ्या मातीतून सहजी धुऊन जात नाही. माती ओली असताना चिकट आणि वाळल्यावर दगडासारखी होते, मुळांना हवा मिळत नाही.

उकळतं पाणी पेव्हर ब्लॉकच्या सांध्यांसाठी उत्तम. हिरवळीवर मात्र ओतू नका.

किराणा दुकानातल्या व्हिनेगरमध्ये साधारण 4 टक्के अ‍ॅसेटिक आम्ल असतं. दोन-चार पानांच्या कोवळ्या तणाला ते पुरतं, जुन्या तणाचं फक्त पान करपतं आणि मुळातून पुन्हा फुटवा येतो. कडक उन्हात, पाणी न मिसळता, जुन्या ब्रशने पानांवर लावा. फवारायचंच असेल तर प्लास्टिकच्या बाटलीचा तळ कापा, बाटली तणावर टोपीसारखी ठेवा आणि तोंडातून फवारा. डोळे जपा.

लॉनमधलं बहुतेक तण मात्र खुरप्यानेच जातं. पाऊस उघडल्यावर किंवा आदल्या संध्याकाळी पाणी देऊन सकाळी बसा, मुळं अख्खी येतात. फूल धरायच्या आत काढा. आंबुटीच्या शेंगा तर हात लागला तरी तडकतात आणि बी लांब उडतं. गाजरगवत हातमोजे घालूनच उपटा, त्याने अंगाला खाज आणि पुरळ येतं. (भारतात या तणाची नोंद 1955 साली आपल्या पुण्यातच झाली होती.) घोळ आणि आंबुटी खाण्याजोग्या आहेत, पण लॉनवर कधी औषध मारलं असेल तर भाजीला घेऊ नका.

आता लव्हाळा. सगळ्यात जास्त तक्रारी याच्याच येतात. गवतासारखा दिसतो, पण देठ बोटांत फिरवून पाहा, तीन धारा लागतील. जमिनीखाली त्याच्या गाठी असतात, एकीला दुसरी जोडलेल्या, माळेसारख्या. उटण्यातला नागरमोथा याच जातकुळीतला. वरून ओढला की देठ तुटतो आणि गाठ आत राहते. अर्धवट खणलं तर माळ तुटते आणि झोपलेल्या गाठीही फुटतात. म्हणून "उपटल्यावर दुप्पट झाला" ही तक्रार खोटी नसते.

यावर दोनच गोष्टी चालतात. डाग लहान असेल तर वीतभर खोल खणून माती चाळा आणि गाठी कडक उन्हात पूर्ण वाळवा. कंपोस्टमध्ये टाकू नका. लॉनभर पसरला असेल तर दर दोन आठवड्यांनी न चुकता कोवळा फुटवा काढत राहा. पान टिकलं नाही की गाठीतला साठा संपत जातो आणि नवीन गाठी धरत नाहीत. याला एक हंगाम तरी लागतो, हे आम्ही आधीच सांगतो. लव्हाळ्याला ओल आवडते, त्यामुळे पाणी साचणारा खळगाही भरून घ्या.

त्याला सावली मात्र सोसत नाही. म्हणून मशीनचं पातं दीड-दोन इंचांवर ठेवा आणि एका वेळी गवताच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापू नका. अगदी जमिनीलगत कापलेल्या लॉनमध्ये उघडी पडलेली माती तणाच्या बियांना ऊन देते. उघडे ठिगळ दिसले की लगेच तिथे गवत लावा.

मेक्सिकन लॉनमध्ये हरळी घुसली तर घरचा कोणताच उपाय नाही, कारण तीही गवतच. धावे, म्हणजे तिच्या जमिनीवर सरपटत जाणाऱ्या फांद्या, शोधून हाताने काढा. गणपतीला दूर्वा लागत असतील तर तीच हरळी वेगळ्या कुंडीत लावा.

शेवटी खत. पुष्कळ वेळा तण आपणच विकत आणतो, कच्च्या शेणखतातून आणि लाल मातीतून. नवीन पोतं आलं की त्यातलं मूठभर कुंडीत पसरून ओलं करा आणि पंधरा दिवस ठेवा. काय उगवतं ते पाहूनच लॉनवर पसरा. आमच्याकडून घेतलेलं पोतंही असंच तपासून घ्या.