भाडेकरूची भीती: कुलपापासून पोलिसांच्या शिक्क्यापर्यंत

नवी मुंबईत वाशी-नेरूळकडचा मुरलेला एजंट मालकाला फोन लावतो तेव्हा भाड्याचा आकडा दुसऱ्या वाक्यात येतो. पहिलं वाक्य ठरलेलं: "फॅमिली आहे, कंपनीत नोकरी आहे, कागद सगळे देतील." एजंट मालकाला आधी सुरक्षितता विकतो. हे असं कसं झालं, याला पन्नास वर्षांचा इतिहास आहे.

सुरुवातीची भीती गुन्ह्याची नव्हतीच, ती कायद्याची होती. मुंबई भाडे नियंत्रण कायदा १९४७चा. त्यात १९७३ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर, म्हणजे ठराविक मुदतीच्या नुसत्या परवानगीवर, राहणाऱ्यांना भाडेकरूचं संरक्षण मिळालं. अकरा महिन्यांसाठी घेतलेला पाहुणा कायमचा घरचा झाला. त्याचा धसका पुढच्या पिढीनेही घेतला. गुंतवणूक म्हणून घेतलेली घरं कित्येकांनी भाड्याने देण्यापेक्षा कुलपातच ठेवली. पण कुलपालाही धोका असतोच. दाराला अडकवलेली महिनाभराची पत्रकं आणि गॅलरीत कधीच न पेटणारा दिवा घरफोड्याला रस्त्यावरून दिसतो.

मालकाचा जीव थोडा भांड्यात पडला तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मुळे. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. मुदत संपल्यावरही घर न सोडणाऱ्याविरुद्ध कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि घर सोडेपर्यंत दुप्पट दराने भरपाई मागता येते. बदल्यात कलम ५५ ने करार नोंदवायची जबाबदारी मालकावर टाकली. नोंदणी नसेल तर वादात भाडेकरू सांगेल त्या अटी, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चार पैसे वाचवायला स्टॅम्प पेपरवर नोटरी करून मोकळे होणारे मालक आजही भेटतात. त्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

मग २००८ उजाडलं. २६ जुलैला अहमदाबादेत स्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी आलेल्या धमकीच्या ईमेलचा माग काढत पोलीस पोहोचले ते सानपाड्यात, एका अमेरिकन रहिवाशाच्या फ्लॅटवर. त्याचं वाय-फाय उघडं होतं आणि ते तिसऱ्याच कुणीतरी वापरलं होतं. चार महिन्यांनी २६/११ झालं. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्याच्या आदेशांना खरी धार आली ती या वर्षानंतर. हे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. ते एरवी दोन महिनेच टिकतात, म्हणून पुन्हा पुन्हा काढावे लागतात. १ जुलै २०२४ पासून त्या कलमाच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ आलं. आदेश मोडला तर गुन्हा दाखल होतो तो सहसा मालकावर.

प्रत्यक्षात काय होतं? भाडेकरूचा फोटो, आधार, गावाकडचा पत्ता, ओळखीच्या दोघांची नावं असा अर्ज जातो, पोहोच मिळते, आणि सोसायटीचा सेक्रेटरी ती फायलीत लावतो. पोहोच म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे, पण बहुतेक जण तसंच समजतात. उलट बॅचलर मुलं, एकटी बाई किंवा 'आडनाव जरा वेगळं' असलं की नकार द्यायला हीच सुरक्षितता पुढे केली जाते. ही सावधगिरी नव्हे, सोय आहे.

या पोहोचेला न घाबरणारा प्रकार म्हणजे हेवी डिपॉझिटवरची फसवणूक. हेवी डिपॉझिट म्हणजे दरमहा भाडं नाही, मोठी रक्कम एकदम द्यायची आणि जाताना परत घ्यायची. मधला माणूस मालकाकडून घर साध्या मासिक भाड्याने घेतो. करार नोंदवलेला, पोलिसांत माहिती दिलेली, सगळं चोख. मग तेच घर तो स्वतःला मालक म्हणवून दुसऱ्या कुटुंबाला हेवी डिपॉझिटवर देतो. चार-सहा महिने मालकाला भाडं वेळेवर पोचतं, अर्थात त्या कुटुंबाच्याच पैशातून. मग फोन बंद. मालक घणसोलीला येऊन बेल वाजवतो तर दार उघडणारी बाई त्यालाच विचारते, "आपण कोण?" तिच्या हातातही करार असतो, आणि तिची आयुष्यभराची पुंजी गेलेली असते.