एडफू : नाईल क्रूझमधील किनारथांबा

एडफू हे दक्षिण इजिप्तमध्ये नाईलच्या पश्चिम काठावरचे गाव, लक्झरपासून सुमारे ११० किमी दक्षिणेला. लक्झर ते अस्वान अशा तीन-चार रात्रींच्या फेऱ्या करणाऱ्या बहुतेक क्रूझ बोटी येथे काही तास थांबतात, त्या होरस या ससाण्याच्या रूपातील देवाच्या मंदिरासाठी. महाराष्ट्रातून निघणाऱ्या इजिप्त सहलींतही हा थांबा सहसा असतो. पुढच्या कोम ओम्बोचे मंदिर नदीला लागूनच असल्यामुळे तिथे बोटीतून उतरून चालत जाता येते. एडफूचे मंदिर मात्र गावाच्या पलीकडे, धक्क्यापासून एक-दीड किलोमीटरवर आहे. थांब्यावरच्या बहुतेक कटकटी या अंतरातच होतात.

धक्का अपुरा पडत असल्याने बोटी एकमेकींना खेटून, चार-पाच ओळीने बांधतात. बाहेरच्या बोटीवरचे प्रवासी आतल्या बोटींच्या स्वागतकक्षांतून वाट काढत काठावर येतात. मधली एखादी बोट निघाली की बाहेरच्यांना दोर सोडून बाजूला व्हावे लागते आणि मग त्या पुन्हा वेगळ्या क्रमाने लागतात. त्यामुळे परत येईपर्यंत आपली बोट सकाळच्या जागी असेलच असे नाही. उतरताना मिळणारे ओळखपत्र जवळ ठेवावे आणि बोटीचे नाव पाठ असावे. ‘डावीकडून तिसरी’ ही खूण कामाची नाही. खिडकीबाहेर शेजारच्या बोटीचा पडदा आणि जनरेटरचा धूर एवढेच असते, म्हणून थांब्याच्या वेळेत खोलीत बसून राहण्यात फारसे सुख नाही.

मंदिरापर्यंत जाण्याचे रूढ साधन म्हणजे घोडागाडी. सहल कंपनीमार्फत आलेल्यांसाठी वाटाड्या आधीच गाड्या ठरवतो आणि प्रत्येक गाडीचा क्रमांक सांगतो. जाताना-येताना गाडी तीच असते, म्हणून क्रमांकाचा फोटो काढून ठेवावा. स्वतः गाडी ठरवणाऱ्याने चार गोष्टी बसण्यापूर्वीच स्पष्ट कराव्यात : भाडे माणशी की गाडीचे, एका बाजूचे की जाऊन-येऊन, इजिप्शियन पौंडात की आणखी कशात, आणि गाडी किती वेळ थांबणार. नुसता ‘पन्नास’ हा आकडा ठरला, तर परतल्यावर ते पन्नास डॉलर होते असे ऐकावे लागते. पैसे धक्क्यावर परत आल्यावरच द्यावेत. अर्धे आधी दिले तर गाडीवान दुसरे गिऱ्हाईक घेऊन निघून जाण्याची शक्यता असते. ‘घोड्याच्या चाऱ्यासाठी’ वरचे पैसे मागितले जातात. बक्षिसी द्यायची तर सुटे जवळ हवेत, मोठी नोट मोडून मिळत नाही.

घोडा पाहूनच गाडी निवडावी. फासळ्या दिसत असतील, साजाखाली जखमा असतील किंवा जनावर लंगडत असेल, तर त्या गाडीत बसू नये. सकाळच्या घाईत एकाच घोड्याला लागोपाठ खेपा मारायला लावतात, उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पाणी वेळेवर मिळत नाही. घोडागाडी नको असेल तर आदल्या रात्रीच वाटाड्याला सांगून ठेवावे. टुकटुक किंवा छोटी मोटार मिळते, पण ऐन वेळी धक्क्यावर ती शोधणे अवघड जाते.

मंदिराची पायाभरणी इ. स. पू. २३७ मध्ये इजिप्तवर राज्य करणाऱ्या ग्रीक वंशाच्या तिसऱ्या टॉलेमीच्या काळात झाली आणि ते पूर्ण झाले इ. स. पू. ५७ मध्ये. प्रवेशाचे जोडबुरूज ३६ मीटर उंच आहेत. शतकानुशतके साचलेल्या वाळूत मंदिर जवळजवळ छतापर्यंत गाडले गेले होते आणि छतावर लोकांची घरे होती. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ ऑग्युस्त मारिएत याने १८६० च्या सुमारास ते मोकळे केले. वाळूने झाकून ठेवल्यामुळेच ते इतके शाबूत राहिले.

सगळ्या बोटींचे प्रवासी एकाच वेळी येतात आणि मुकुटधारी ससाण्याच्या ग्रॅनाइटच्या मूर्तीपाशी फोटोसाठी रांग लागते. वाटाड्याचे बोलणे संपल्यावर जेमतेम अर्धा तास हाती उरतो. तो या रांगेत घालवू नये. आधी सरळ गाभाऱ्यात जाऊन या मंदिराहूनही जुने, दुसऱ्या नेक्तानेबो या फॅरोच्या काळातले, एकाच दगडातून घडवलेले देवघर पाहावे आणि मग बाहेरच्या तटाला लागून असलेल्या उघड्या बोळात शिरावे. पश्चिमेकडच्या भिंतीवर होरस पाणघोड्याला भाल्याने टोचतो, अशी दृश्यांची माळ कोरली आहे. पाणघोडा म्हणजे त्याचा शत्रू सेथ. तो मुद्दाम इवलासा, देवाच्या पावलांपाशी मावेल एवढा दाखवला आहे. अनिष्टाचे चित्रसुद्धा बळ धरू नये, ही त्यामागची धारणा. पूर्वेकडच्या बोळातून नदीची पातळी मोजण्याच्या विहिरीकडे पायऱ्या उतरतात.

एडफूला बोटीने येण्याची प्रथाही पुरातन आहे. दरवर्षी शेमू या प्राचीन इजिप्शियन पंचांगातल्या कापणीच्या ऋतूच्या तिसऱ्या महिन्यात, उत्तरेकडच्या देंदेरा येथील मंदिरातून होरसाची पत्नी हाथोर देवीची मूर्ती बोटीत बसवून प्रवाहाविरुद्ध इथे आणत. पालखीसारखीच वाटेत मुक्काम करत ती अमावास्येला पोहोचे आणि पौर्णिमेपर्यंत होरसाकडे राही.

बाहेर पडण्याची वाट बाजारातून जाते. गळ्यात टाकलेला स्कार्फ ‘भेट’ म्हणून दिला तरी त्याचे पैसे मागितले जातात, तेव्हा नको असेल तर हातात घेऊ नये.

उत्तरेकडे जाणाऱ्या बोटी वेळेबाबत विशेष काटेकोर असतात. पुढे लक्झरच्या वाटेवर एस्ना गावी बंधाऱ्याच्या जलपाशातून, म्हणजे पाण्याची पातळी कमी-जास्त करून बोट खाली-वर नेणाऱ्या दारबंद हौदातून, उतरावे लागते, तिथे एका वेळी दोनच क्रूझ बोटी मावतात आणि रांग चुकली की तासन् तास खोळंबा होतो. म्हणून मागे राहिलेल्या एखाद्यासाठी कप्तान फार वेळ थांबत नाही. तशी वेळ आलीच, तर वाटाड्याला फोन करून गाडीने एस्ना गाठावे आणि तिथे रांगेत उभ्या असलेल्या बोटीवर चढावे. दुरुस्तीसाठी जलपाश बंद असतो त्या दिवसांत बोटी एस्नाच्या अलीकडेच थांबतात आणि पुढचा प्रवास बसने होतो. आरक्षण करतानाच त्या तारखा विचारून घ्याव्यात.